घाटातली भिंगरी

भिंगरी फुटली तेव्हा बस उभी होती आणि बसमध्ये कुणी नव्हतं. या दोन गोष्टींवर आमचे खानविलकरसाहेब इतके खूश होते, की भिंगरी फुटली ही तिसरी गोष्ट त्यांच्या लेखी अगदीच किरकोळ होती.

"डबा टिकला ना, मॅडम? मग झालं तर," असं ते मला फोनवर म्हणाले. मी तेव्हा गगनबावड्याच्या डेपोत त्या बसच्या पोटाखाली पाठीवर झोपले होते आणि तोंडावर काळी राख पडत होती. अशा अवस्थेत माणसानं साहेबांशी बोलू नये. मी बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी स्वरूपा. कोल्हापूरहून घाट उतरून कोकणात जाणाऱ्या 'सह्यगती'च्या बसगाड्यांची सुरक्षा-तपासनीस. गाड्या सुरक्षित आहेत असा शेरा देणं हे माझं काम, असं कंपनीला वाटतं. गाड्या सुरक्षित आहेत की नाहीत ते बघणं हे माझं काम, असं मला वाटतं. एरवी या दोन्हींत फारसा फरक पडत नाही.

भिंगरी हे नाव प्रवाशांनी ठेवलेलं. कागदोपत्री ती फ्लायव्हील. बसच्या मधोमध, सिटांच्या खाली, पोलादाच्या जाड डब्यात एक चाक पडून असतं. पडून म्हणजे आडवं. फिरत मात्र ते सारखं असतं. त्याचा मधला भाग, म्हणजे हब, अॅल्युमिनियमचा. त्याच्याभोवती कार्बनच्या धाग्यांची काळी, जाडजूड कडी. डब्यातली हवा काढून घेतलेली आणि चाक लोहचुंबकांच्या जोरावर अधांतरी, त्यामुळे ते कशालाच घासत नाही. बस घाट उतरते तेव्हा ब्रेक लावताना जी शक्ती एरवी तापून वाया जाते, ती या चाकाला फिरवते. बस घाट चढायला लागली की चाक घेतलेलं सगळं परत देतं. बॅटरीलाही हे जमतं, पण घाटात एवढ्या झपाट्यानं घेणं-देणं करायचं म्हटलं की बॅटरी दोन वर्षांत म्हातारी होते. भिंगरीला वय नाही. करूळच्या घाटासाठी याहून चांगलं यंत्र नाही, असं मी चारचौघांत सांगत आले आणि आजही सांगेन.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची. चाकाचा वेग दुप्पट झाला, की त्यात साठलेली शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. डेपोत उभ्या असलेल्या बसची भिंगरी निम्म्या वेगावर ठेवलेली असते. त्या निम्म्या वेगावर ती फुटली, तर बारा टनांची बस हातभर बाजूला सरकली आणि डबा भाकरीसारखा फुगला. घाटाच्या पायथ्याला, वैभववाडीकडे वळताना, हीच भिंगरी पूर्ण वेगावर असते आणि तिच्यावर साठ माणसं बसलेली असतात.

आणि गणपती तोंडावर आले होते.

डबा कापून उघडला. कडीचा काळा कापूस झाला होता, आणि ते ठीकच होतं. कार्बनची कडी फुटली की तिचे धागे पिंजून निघतात आणि शक्ती तापण्यात जाते. डबा तेवढं सोसेल अशाच बेतानं बनवलेला असतो. भीती असते ती हबची. धातू पिंजत नाही. त्याचा तुकडा पडतो आणि तो तुकडा सरळ जातो. इथं हब शाबूत होता. मी तो कापडानं पुसून उजेडात धरला. कडी जिथं चिकटलेली असते त्या घेरावर सगळीकडे डिंकाचे ओरखडे होते, म्हणजे कडी तिथून उपटून निघाली होती. एका जागी मात्र ओरखडे नव्हते. बोटाएवढी जागा गुळगुळीत, जणू डिंक तिथं कधी लागलाच नव्हता. त्या जागेवर दोन डाग होते, शेजारी शेजारी. एक काळपट पिवळा, एक काळपट लाल.

प्रयोगशाळेत पाठवण्याची गरज नव्हती. असे दोन डाग माझ्या घरच्या मिक्सरवर, शिलाई मशिनवर, दादाच्या पहिल्या मोटारसायकलवर मी जन्मभर बघत आले होते. हळद आणि कुंकू. अनामिकेनं लावलेलं.

आमच्या सगळ्या भिंगऱ्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत 'टिपुगडे रोटर वर्क्स'मध्ये बनतात. रणधीर टिपुगडे माझा सख्खा थोरला भाऊ.

गाड्या तपासणीसाठी उभ्या करायला खानविलकरांनी खळखळ केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण परवापासून गणपतीची गर्दी सुरू होणार होती आणि तोवर माझा शेरा त्यांना हवा होता. माझ्या शेऱ्याविना गाड्या सोडायचा अधिकारही त्यांना होता, आणि तेही त्यांनी मला गोड आवाजात सांगून ठेवलं. त्यांचं म्हणणं निव्वळ नफ्याचं नव्हतं. आपल्या गाड्या नसल्या तर लोक घरी बसणार नाहीत, वडापच्या, म्हणजे खासगी शेअरच्या, जीपमध्ये वीस-वीस जण कोंबून पावसात घाट उतरतील, टपावरसुद्धा बसतील. त्यात जी माणसं मरतील ती कुणाच्या नावावर, असं त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

शिरोलीला पोचले तेव्हा दादा लेथपाशी उभा होता. मी आल्याचं बघून त्यानं हात पुसले आणि पहिलं वाक्य टाकलं.

"आमची चूक काढायला आलीयास, व्हय?"

"चूक कशी होते ते बघायला आले. एक हब चिकटवून दाखव."

त्यानं दाखवलं. दादाचं काम बघण्यासारखं असतं, आणि भाऊ म्हणून सांगत नाही. हब कातून झाला की टेबलावर ढोलकीसारखा आडवा ठेवायचा. घेर खरखरीत करायचा, द्रावणानं तीनदा पुसायचा, पांढऱ्या फडक्यावर डाग उठत नाही तोवर पुसायचा. मग वैजू वहिनी आली. डोक्यावर पदर, हातात लहानसं तबक. तिनं हळदीचं एक बोट लावलं, कुंकवाचं एक, आणि हात जोडले. कपाळ म्हणून तिनं हबचा घेर निवडला होता, कारण टेबलासमोर उभं राहिलं की तोच समोर येतो. चकचकीत धातूवर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून तिनं बोट आधी खोबरेल तेलात बुडवलं होतं.

मग कामगारानं ब्रशनं डिंक लावला. कुंकवावरून लावला.

"हे पुसलं का नाही?" मी विचारलं.

कामगारानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू मी त्याला कुणाच्या तरी मयताला जेवायला ये म्हणाले असावे. पुसलेलं कुंकू म्हणजे काय, ते आमच्याकडे लहान पोरालासुद्धा सांगावं लागत नाही. धूळ पुसतील, ग्रीस पुसतील, पण कुंकवाला हात लावायची छाती त्या शेडमध्ये कुणाचीच नव्हती. मी तिथं कामाला असते तर मीही लावला नसता.

मी दादाला सांगितलं ते असं. तेलावर डिंक धरत नाही. म्हणजे या कडीला पहिल्या दिवसापासून एक सुटी जागा आहे. भिंगरी पूर्ण वेगावर गेली की कडी केसभर ताणते, थांबली की आखडते. दर घाटाला एकदा ताण, एकदा आखड. बरणीवरचं लेबल एका कोपऱ्यातून सुटलं की रोज थोडं थोडं सुटत जातं, तसा तो सुटा भाग वाढत जातो. बाहेर काहीच कळत नाही, कारण चाक जरा कलंडलं तरी चुंबक त्याला सावरून घेतात. ते सावरतात, सावरतात आणि एक दिवस त्यांना सावरता येत नाही.

"बोटभर डागानं?" दादा म्हणाला. "बाकीचा घेर चिकटलाय की गं. तू मला डिंक शिकवतीस?"

मग तो मला शेडच्या मागं घेऊन गेला आणि आवाज खाली आणला. वैजू फक्त लॉटातल्या पहिल्या हबला कुंकू लावते, असं तो म्हणाला. दहातला एक. पहिल्या पहिल्या भिंगऱ्या बदलून देतो, गुपचूप देतो, रिपोर्टात तेवढंच लिही. बाकी गाड्या सुटू देत. आप्पांच्या लोहारकीच्या भट्टीपासून इथवर आणलेलं नाव आहे, ते एका बोटानं पुसू नको. त्याचे डोळे भरले होते. दादाला मी त्याआधी एकदाच रडताना बघितलं होतं, आप्पा गेले तेव्हा. मला वाटलं, दहातला एक असेल तर कदाचित वाट काढता येईल. खरं सांगायचं तर मी वाट शोधायला लागलेच होते.

वहिनी चहा घेऊन कधी आली कळलं नाही.

"सगळ्यांस्नी लावलं, वन्सं," ती म्हणाली.

दादा तिच्याकडे वळला. ती त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिली. "आधी पहिलीलाच लावत होते. मग वाटलं, माणसं काय पहिल्याच गाडीत बसतात? माझी आई बसते, भाऊ बसतो, गावची पोरं बसतात. एकीला लावायचं आणि बाकीच्यांस्नी रांडवं सोडायचं, बरं दिसतंय का? म्हणून सगळ्यांस्नी लावलं. एक पण सोडली न्हाई."

तिचं माहेर वैभववाडीजवळचं. गौरीला ती दरवर्षी आमच्याच बसनं जाते. तिनं चहाचे कप आमच्या हातात दिले आणि विचारलं, की माझ्यामुळं कुणाला काही झालंय का. झालेलं नाही, मी म्हणाले. "मग होऊ देऊ नका," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं कपाळाला हात लावला नाही, रडली नाही, सारवासारव केली नाही. माझी वहिनी मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली, आणि मला तिची लाज वाटण्याऐवजी माझीच वाटली.

वाट शोधणं मी तिथंच थांबवलं.

खानविलकरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, की सगळ्याच भिंगऱ्यांना कुंकू लागलंय आणि सगळ्याच वर्षभर घाट करतायत, तर फुटली फक्त एकच कशी? तीही डेपोत, आणि डब्याच्या बाहेर काही न येता? दादाचाही सवाल तोच होता. एकाला गाड्या सोडायच्या होत्या, दुसऱ्याला नाव राखायचं होतं, आणि दोघंही मला एकच शब्द म्हणाले, दाखव.

दाखवायची सोय दादाच्याच आवारात होती. शेडच्या मागं जुनी विहीर आहे, कोरडी. तिच्यात वाळूची पोती रचून दादानं चाचणीची जागा केली आहे. नवी भिंगरी डब्यासकट खाली सोडायची, वर काँक्रीटचं झाकण ठेवायचं आणि लांबच्या खोलीतून मोटरनं फिरवायची. दादा म्हणाला, नवी कशाला, उभ्या गाड्यांपैकी जिनं सगळ्यात जास्त घाट केलेत ती आणा. माझी भिंगरी आहे, टिकेल. खानविलकर म्हणाले, उद्या दिवसभर टिकली तर परवा सकाळी गाड्या सुटतील. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी सुरू झाली. निम्म्या वेगावरून पूर्ण वेगावर, परत निम्म्यावर. खोलीतली माणसं त्याला 'एक घाट' म्हणत होती. बस दिवसातून चार-सहा घाट करते, विहिरीत आम्ही गणपतीच्या सगळ्या गर्दीचे घाट एका दिवसात उरकत होतो. पडद्यावर एकच रेघ बघायची होती. चाक सावरायला चुंबकांना किती जोर लावावा लागतो त्याची ती रेघ. ती सपाट होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सपाट राहिली. दादाच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यानं खानविलकरांना वहिनीच्या हातचा झुणका-भाकरीचा डबा आग्रह करकरून खाऊ घातला आणि मलाही एक टोमणा मारून घेतला, की इंजिनियर झालेली बहीण असली की शत्रू शोधायला बाहेर जावं लागत नाही.

दुपारनंतर रेघ वर सरकली. फार नाही. खानविलकरांना ती दिसलीसुद्धा नाही, आणि मी बोट दाखवलं तेव्हा ते म्हणाले की ती मर्यादेच्या निम्म्यावरही नाहीये. ते खरं होतं. वर्षभराचे घाट तिनं आधी केलेच होते, आता उत्सवाचेही बहुतेक झाले होते. साहेबांनी कागदपत्रं गोळा केली. भिंगरी टिकली, त्यांनी जाहीर केलं. दिवस तसाही संपत आला होता आणि तिकडे कोल्हापूरच्या स्टँडवर उद्याच्या गाड्यांची विचारणा सुरू झाली होती. माझ्याकडे दाखवायला केसभर सरकलेली एक रेघ होती. तेवढ्यावर मी त्यांना थांबवू शकत नव्हते. तरी दाराशी जाऊन उभी राहिले.

"बसा, साहेब," मागून दादाचा आवाज आला. "अजून झालेलं न्हाई."

तो पडद्यासमोर वाकला होता. त्यानं आयुष्यभर फिरणाऱ्या वस्तू पाहिल्या आहेत. रेघ कुठं आहे याच्याकडे तो बघत नव्हता, ती कशी चढते याच्याकडे बघत होता. प्रत्येक घाटाला ती आधीच्या घाटापेक्षा जरा जास्त चढत होती. तिथं थांबला असता तर त्याचं नाव राहिलं असतं, कारखाना राहिला असता. बहीण खोटी ठरली असती आणि ते तर त्याला लहानपणापासून आवडतं. त्याला कुणी काही विचारलं नसतं.

"आणखी घाट घ्या," तो माणसांना म्हणाला.

खानविलकरांनी उशीर होतोय म्हणून सांगून बघितलं. दादानं मान वर केली नाही. एक घाट झाला. दुसरा झाला. वहिनी येऊन माझ्याजवळ उभी राहिली. तिसऱ्या घाटाला भिंगरी पूर्ण वेगावर गेली आणि रेघ एकदम सरळ वर उभी राहिली. दादा काहीतरी बोलायला वळला, तेवढ्यात पायाखालची जमीन हलली. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी जमिनीच्या आतून एकदाच लाथ मारल्यासारखं झालं. विहिरीवरचं झाकण उचललं गेलं आणि तिरकं होऊन बाजूला पडलं.

धूळ बसल्यावर आम्ही आत बॅटरी मारली. या वेळी डबा टिकला नव्हता. कडी सुटताना हबचा एक तुकडा घेऊन गेली होती. तो तुकडा पोलाद फाडून बाहेर पडला होता आणि वाळूच्या पोत्यांच्या दोन रांगा ओलांडून विहिरीच्या दगडात रुतला होता. आडव्या चाकाचा तुकडा आडवाच जातो. बसमध्ये तो सिटांच्या खालून, माणसांच्या पायांच्या उंचीवरून गेला असता. हे मी मोठ्यानं म्हणाले नाही. सगळे स्वतःच हिशेब करत होते, आणि खानविलकरांनी खिशातून फोन काढला.

दादा बराच वेळ वाकून बघत राहिला. मग सरळ झाला आणि म्हणाला, "साहेब, एक पण गाडी हलवायची न्हाई." खानविलकरांनी आधीच फोन कानाला लावला होता. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त दगडात रुतलेला तुकडा दिसायला हवा होता. त्यांनी उभ्या गाड्यांतल्या भिंगऱ्या शून्यावर आणायला सांगितल्या. मग शेजारच्या तीन जिल्ह्यांतून डिझेलच्या जुन्या गाड्या मागवल्या आणि पोलिसांना फोन करून घाटाच्या तोंडाशी वडापच्या जीपमधली माणसं मोजायला लावली. मला जे उत्तर देता आलं नव्हतं ते त्यांनी स्वतःच शोधायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही कोल्हापूरच्या स्टँडवर होतो. मखरं, फुलांच्या पाट्या, कडेवर पोरं, आणि फलाटांवर रिकाम्या जागा. खानविलकरांनी माईकवर तांत्रिक कारणामुळे गाड्या रद्द असं सांगितलं आणि गर्दीतून असा आवाज उठला, की त्यांनी माईक माझ्या हातात दिला. माझ्या हातातून तो दादानं घेतला.

"तांत्रिक-बिंत्रिक काय न्हाई," तो म्हणाला. "मी रणधीर टिपुगडे. ह्या गाड्यांतल्या भिंगऱ्या माझ्या कारखान्यात झाल्यात. त्यांच्यात खोट हाय. काल एक फोडून बघितली, माणूस वाचला नसता. म्हणून गाड्या उभ्या हाईत. शिव्या घालायच्या तर मला घाला. डिझेलच्या गाड्या येतायत. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या आधी."

शिव्या पडल्या. कोल्हापूरच्या असल्यामुळे चांगल्या दमदार पडल्या. आमची आई, आमचे आप्पा, कारखाना, कुणी सुटलं नाही. एकानं पुढं येऊन दादाच्या छातीला धक्का दिला, गौरीला लेक वाट बघत बसली असेल तिला काय सांगू म्हणून विचारलं. दादानं हात वर केला नाही. वहिनी आपली पिशवी घेऊन रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. तिची आईही तिकडे वाट बघत होती.

पहिली डिझेलची गाडी लागली, तेव्हा वैभववाडीकडचा एक म्हातारा चढता चढता थांबला. त्यानं मागं वळून दादाला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच केलंस, नि तूच सांगतंस?"

"व्हय," दादा म्हणाला.

"मग नवीन भिंगऱ्यो झाल्यो की सांगूक पण तूच ये. तू बस म्हणशीत तर बसान."

म्हातारा गाडीत चढला. दादा तिथंच फलाटावर, सगळ्या लोकांसमोर, हुंदके देऊन रडायला लागला. मला त्याला जवळ घ्यायचं होतं. पण माईक परत माझ्या हातात आला होता आणि दुसरी गाडी लागत होती. मी तिची घोषणा केली.